पोट मोठं आणि जांघेत कळ: शेवटच्या तीन महिन्यांतल्या दुखण्यावर घरात काय काय करता येतं

सातवा-आठवा महिना लागला, की काही जणींना रात्री कूस बदलताना जांघेत अशी कळ येते की तोंडातून आवाजच निघतो. सकाळी खाटेवरून उतरल्यावर पहिली पाच-दहा पावलं टाकवत नाहीत. सलवार घालायला एक पाय उचलला की ओटीपोटाखालच्या हाडात चमक निघते. जिना चढताना माकडहाडाच्या बाजूला, नितंबात खोल कुठेतरी दुखतं. कधी चालता चालता हाडातून कट्‌कन आवाजही येतो. आईला "माय, जांघमा दुखस" म्हणून सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: पोटुशीला दुखणारच, काम करत राहा म्हणजे लवकर मोकळी होशील.

हे दुखणं साधारण पाच गरोदर बायांमागे एकीला होतं. बाळाला त्याने धोका नसतो, हे आधी सांगते. पण बाळाला धोका नाही म्हणजे आईने निमूट सोसायचं, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो आणि तो चूक आहे. उठायची, बसायची, वळायची पद्धत बदलली तर पुष्कळ फरक पडतो. मला दुसऱ्या खेपेला हे झालं तेव्हा मोठं पोर कडेवर असायचं, आणि दुखणं गोळीपेक्षा त्याला कडेवर घेणं सोडल्यावर जास्त उतरलं.

दुखतं का

ओटीपोटाभोवती हाडांचं एक कडं असतं. त्याला पुढे एक सांधा असतो, जांघांच्या मधोमध, आणि मागे माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक. एरवी हे सांधे जवळजवळ हलत नाहीत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे त्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. त्यातच पोटाचं वजन पुढे वाढतं, पाठीचा बाक बदलतो आणि पोटाचे स्नायू ताणून पातळ होतात. मग कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त हलू लागते. बैलगाडीचा एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे रेटतो तेव्हा सगळा पीळ जुवावर येतो, तसाच इथे तो सांध्यांवर येतो.

म्हणून एका पायावर भार पडला, मांड्या फाकल्या किंवा एक पाय पुढे एक मागे राहिला, की दुखतं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: दोन्ही पाय जोडीने हलवायचे, गुडघे जवळ ठेवायचे आणि भार दोन्ही पायांवर सारखा टाकायचा. खाली जे जे सांगते आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून निघालेलं आहे.

आधी एवढं तपासा: हे दुसरं काही तर नाही ना

सांध्याचं दुखणं हालचालीला वाढतं आणि नीट पडून राहिलं की कमी होतं. तसं नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावरून रक्त जातंय, पाणी जातंय, ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच पोट ठरावीक वेळाने घट्ट होऊन कळा येताहेत, पोट सतत दगडासारखं कडक आहे, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटते, ताप आहे, लघवीला जळजळ होते, डोकं खूप दुखतं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, यातलं काहीही असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरीही थांबू नका. दोन्ही पायांतली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-संडासावर ताबा राहिला नाही, तर तेही तातडीचंच आहे.

तातडीला १०८ वर फोन करा. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी फुकट असते. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून पावसाळ्यात दवाखाना गाठणं किती अवघड जातं ते तिथल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या भागात काही आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' असतं, तिथे तारखेच्या आधी काही दिवस येऊन राहता येतं. आशाताईला त्याची चौकशी आठव्या महिन्यातच करायला सांगा. दुखऱ्या सांध्यांनी ऐनवेळी डोंगर उतरण्यापेक्षा ते फार बरं.

रात्र: कूस बदलणं आणि उठणं

सगळ्यात जास्त हाल रात्री होतात, म्हणून इथे सविस्तर सांगते.

झोळ पडलेली बाज किंवा खाट असेल तर ती या महिन्यांपुरती सोडा. कंबर खोलात जाते आणि वळताना दुप्पट जोर लागतो. पलंगावर किंवा दिवाणावर कडक गादी बरी. जमिनीवरची गादी टाळा, कारण तिथून उठणंच मोठं काम होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे खानदेशात घरंच्या घरं गच्चीवर झोपायला जातात. पण ज्या बाईला जिना चढताना कळ येते, तिची सोय खाली ओसरीत किंवा अंगणात कूलरजवळ करा, आणि तिच्यासोबत एकाने तरी खाली झोपा.

झोपायचं कुशीवर. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नये असं डॉक्टरही सांगतात. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी हवी, आणि ती गुडघ्यांपुरती नको, घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे. नुसती गुडघ्यात उशी धरली तर खालचा पाय लोंबतो आणि सांधा पिळलेलाच राहतो. गोधडीची लांब गुंडाळी करून दोन्ही टोकं नाडीने बांधली तर ती बाजारच्या उशीपेक्षा चांगली बसते. एक पातळ घडी पोटाखाली सारा.

आता एक साधी युक्ती. जुनी नायलॉनची किंवा सॅटिनसारखी गुळगुळीत साडी चौपदरी करून गादीवर आडवी पसरा, बरोबर कंबर आणि नितंब येतील त्या जागी. दोन्ही टोकं गादीखाली खोचा. सुती चादरीवर अंग अडकतं आणि वळताना कंबर उचलावी लागते. या साडीवरून ते सरकतं. गाऊन मात्र सुती असू द्या, दोन्ही गुळगुळीत असले तर उतरताना घसरायची भीती. डोकं आणि पाय चादरीवरच राहू द्या.

कूस बदलायची ती अशी:

१. आधी दोन्ही गुडघे वाका आणि एकमेकांवर दाबून धरा, मध्ये उशी असू द्या.
२. लघवी रोखताना आवळतो तसे खालचे स्नायू आणि नितंब हलके आवळा.
३. श्वास सोडत आधी मान, मग हात आणि खांदे ज्या बाजूला जायचं त्या बाजूला न्या.
४. त्याच श्वासात गुडघे जोडीने वळवा. एक पाय आधी, दुसरा नंतर, असं नको.

उठताना कुशीवरच पलंगाच्या काठाला या, दोन्ही पाय एकदम खाली सोडा आणि हातांनी गादी रेटत बसा. लगेच उभ्या राहू नका. अर्धा मिनिट काठावर बसून गुडघे जवळ-जवळ ठेवत चार-पाच वेळा टाचा वर-खाली करा, मग दोन्ही हातांनी आधार घेत दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उठा. पहिली पावलं छोटी टाका. रात्री लघवीला तीन-चारदा उठावंच लागतं, म्हणून वाटेतलं सामान हलवून ठेवा आणि दिवा लावायची सोय हाताशी असू द्या.

दिवस: घरातली कामं

"फरशी उकिडवं बसून पुसली की बाळंतपण सोपं होतं" हे वाक्य मी जितक्या बायांच्या तोंडून ऐकलं आहे, तितकं गरोदरपणाबद्दलचं दुसरं काही ऐकलं नाही. जिला असं दुखत नाही तिला काही वेळ उकिडवं बसून त्रास होत नसेल. पण जिचे हे सांधे दुखताहेत तिला उकिडवं बसून फरशी पुसायला लावणं म्हणजे त्या सैल सांध्यांना आणखी ताणणं आहे. त्याने बाळंतपण सोपं होत नाही. लांब दांड्याचं पोछा-फडकं दीड-दोनशे रुपयांत मिळतं. सासूबाईंनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे: तिने ते मागायच्या आधी आणून ठेवा.

संडास. अजून बऱ्याच घरांत भारतीय पद्धतीचंच भांडं आहे. त्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबारला तर मिळतेच, तालुक्याच्या गावालाही बहुधा मिळेल. पुढे बाळंतपणानंतर टाक्यांच्या दिवसांतही तिचा उपयोग होतो आणि नंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला. ती नसेल तर भिंतीला धरायला पक्का दांडा तरी बसवून घ्या. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, जोर काढताना हेच सांधे दुखतात. लोहाच्या गोळ्यांनी ती वाढते, म्हणून पाणी, पालेभाज्या, केळी रोजच्या रोज. केळीला तर आपल्याकडे तोटा नाही.

पाणी भरणं. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे त्या दिवशी सगळं घर हंडे-कळशा घेऊन उभं असतं. कमरेवर कळशी घेतली की कड्याची एक बाजू वर आणि एक खाली होते, आणि नेमकं तेच नको आहे. कडेवरच्या पोराचंही तेच. पोराला जवळ घ्यायचं असेल तर आधी खुर्चीवर बसा आणि त्याला स्वतःहून मांडीवर चढू द्या. काही आणायचंच असेल तर दोन्ही हातांत सारखं आणि हलकं, नाहीतर छातीशी धरून.

स्वयंपाक करताना ओट्याशी एक उंच स्टूल ठेवा आणि त्यावर टेकून भाकरी थापा. चुलीवर स्वयंपाक असेल तर जमिनीवर मांडी घालून बसण्याऐवजी बुटक्या स्टुलावर बसा, दोन्ही पाय टेकलेले आणि गुडघे फार फाकलेले नाहीत असे. माघ-फाल्गुनापासून वाळवणाचे दिवस सुरू होतात. पापड लाटायला चार-पाच तास मांडी घालून बसायचं तर यंदा नाही म्हणा. नाही म्हणवत नसेल तर खुर्ची-टेबलावर बसून लाट्या करून द्या. ओटभरणीला पाटावर तासभर मांडी घालून बसवतात, तिथेही खुर्चीच मागून घ्या. ओटी खुर्चीवर बसूनही भरता येते. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका उभ्याने किंवा जोर देऊन अजिबात नको.

शेतातल्या बायांना 'आराम करा' म्हणून सांगणं सोपं आहे, पण मजुरी बुडते हे मलाही कळतं. कपाशी वेचताना कमरेला बांधलेली ओटी दर तासाला जड होत जाते, आणि शिवाय सतत वाकणं असतंच. दुखणं सुरू झालं असेल तर वेचणी थांबवणंच योग्य. थांबवता येत नसेल तोवर ओटी अर्धीही भरू न देता रिकामी करा, दोन्ही खांद्यांवरून भार येईल अशी बांधा, आणि मुकादमाला सांगून बसून करायचं निवडायचं काम मागा.

कपडे बसूनच घाला. सलवार, लेगिंग, परकर, काहीही घालताना एका पायावर उभं राहायचं नाही. परकर डोक्यावरून घालता येतो. चपला अशा घ्या की वाकावं लागणार नाही आणि उंच टाच नसेल.

जिना चढायचाच असेल तर एकेक पायरी. चढताना कमी दुखणारा पाय आधी, मग दुसरा त्याच पायरीवर. उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. कठडा धरा. दिवसाची वर-खाली कामं एकाच खेपेत होतील अशी सकाळीच ठरवून टाका.

प्रवास

पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्यात माहेरी जायची पद्धत आहे. जायचंच असेल तर दुखणं वाढायच्या आत जा. मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलं तर सांधा ताणतो, आणि एका बाजूला पाय सोडून बसलं तर तोल जायची भीती. शेवटच्या महिन्यांत रिक्षा किंवा गाडीच करा. गाडीत बसताना आधी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेका, मग दोन्ही पाय जोडीने आत घ्या. सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर फिरणं सोपं जातं, बसून झालं की ती काढून घ्या. एसटीत मागची सीट नको, खड्ड्यांचे धक्के तिथे जास्त बसतात.

व्यायाम, पट्टा, शेक

पूर्ण पडून राहणंही चांगलं नाही. स्नायू ढिले पडतात आणि पायांत रक्त साकळायची शक्यता वाढते. एकदम तासभर चालण्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं, छोट्या पावलांनी चाला. दुखू लागण्याच्या आधी थांबायचं.

खालचे स्नायू आवळायचा व्यायाम सगळ्यांत कामाचा आहे. लघवी आणि वारा एकाच वेळी रोखून धरतोय असं आवळा, सुरुवातीला ५ सेकंद, जमेल तसं १० सेकंदांपर्यंत, श्वास चालू ठेवून. आठ वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम म्हणजे हात आणि गुडघे टेकून चार पायांवर उभं राहा, पाठ सपाट ठेवा, मग श्वास सोडत हळू वर गोल करा आणि परत सपाट. पाठ खाली लोंबू देऊ नका. बाळाचा भार खालच्या सांध्यांवरून उतरतो, त्यामुळे नुसतं तसं थोडा वेळ राहिलं तरी बऱ्याच जणींना बरं वाटतं.

मोबाईलवर गरोदर बायांसाठी म्हणून फुलपाखरासारखं मांड्या हलवायचं आसन, मलासन (उकिडवं बसायचं आसन), पाय फाकवून करायचे प्रकार सर्रास दाखवतात. पुढचा सांधा दुखत असेल तर ते करू नका, वर्गात कोणी शिकवत असेल तरीही.

पोटाखालून नितंबांभोवती बांधायचा रुंद पट्टा मिळतो. तो खाली, दोन्ही बाजूंच्या मांडीच्या हाडांच्या उंचीवर यायला हवा. कंबरदुखीचा नेहमीचा पट्टा पोटावर दाब देतो, तो नको. काम करताना आणि चालताना बांधा, पडताना काढा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून बांधून घेतला तर कळतं की किती घट्ट हवा.

मागे, माकडहाडाजवळ दुखत असेल तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दहा-पंधरा मिनिटं. पोटावर शेक नको. वैशाखात पारा ४४-४५ ला गेला की शेक नकोसाच होतो, तेव्हा आणि पुढच्या हाडासाठी फडक्यात बर्फ बांधून दहा मिनिटं ठेवा. पाठीला हलक्या हाताने तेल लावून घ्यायला हरकत नाही. पण पाय ओढून, कंबर मोडून 'नस बसवणाऱ्या' किंवा हाड बसवणाऱ्या माणसाकडे या दिवसांत अजिबात जाऊ नका.

गोळ्या

मेडिकलवरून अंगदुखीच्या दोन गोळ्या आणून घेणं इथे धोक्याचं आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड असलं काही २० आठवड्यांनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. दुखऱ्या जागी चोळायच्या मलमांतही डायक्लोफिनॅक असतं, नाव वाचून बघा. पॅरासिटामॉल चालते, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

कॅल्शियम कमी म्हणून दुखतं, असं सगळे सांगतात. कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत, लोहाच्या गोळीसोबत न घेता वेगळ्या वेळी, पण त्याने हे सांधे घट्ट होणार नाहीत. हाडं सगळीकडेच दुखत असतील, बसल्या जागेवरून उठायला मांड्यांत जोरच येत नसेल, तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे विचारा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची फुकट तपासणी असते. त्या दिवशी हे दुखणं नुसतं 'कंबर दुखते' असं सांगून येऊ नका. नेमकं कुठे दुखतं तिथे बोट ठेवा, काय करताना दुखतं ते सांगा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्या विभागाची चौकशी करा. लाजून अर्धंच सांगितलं की गोळीच हातात पडते.

बाळंतपणाची तयारी

नुसत्या या दुखण्यासाठी सिझर करावं लागत नाही. बहुतेक जणी नीट मोकळ्या होतात. पण एक माप आधी घेऊन ठेवा. नववा लागला की खुर्चीच्या काठावर बसून, न दुखता गुडघे किती फाकतात ते बघा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजायला घरच्यांना सांगा. तो आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवा आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरला दाखवा. शक्यतो पाय त्याहून जास्त फाकवायचे नाहीत. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं तर दुखणं कळत नाही, म्हणून तेव्हा हे माप जास्त कामाचं.

कळा चालू असताना कुशीवर पडून किंवा चार पायांवर राहून पुष्कळ आराम पडतो, विचारून बघा. टेबलावर पाय वर घ्यायची वेळ आली तर दोन्ही पाय एकदम वर आणि एकदम खाली घ्यायला सांगा. कळांच्या भरात तुम्हाला हे बोलता येणार नाही, म्हणून सोबत येणाऱ्या बाईला, आईला किंवा जावेला, आधीच पाठ करून ठेवायला लावा.

नंतरचे दिवस

बाळ झाल्यावर काही आठवड्यांत हे दुखणं कमी होत जातं, काही जणींना काही महिने लागतात. सव्वा महिना आराम मिळतो तो पुरा घ्या, पण बाळाला पाजताना खाटेवर मांडी घालून बसू नका. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसून किंवा कुशीवर पडून पाजा. बाळाला न्हाऊ घालायला पाय पसरून खाली बसणं न्हाऊ घालणाऱ्या मावशीवर सोडा. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम तसाच चालू ठेवा. दीड-दोन महिन्यांनीही एका पायावर उभं राहताना कळ येत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे परत जा, आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत सांगा की मागच्या वेळी हे झालं होतं.